पोटातली पाणचक्की

मुलांनो, आपल्या छत्रपती संभाजीनगरात राहून पाणचक्की पाहिली नाही असा मुलगा किंवा मुलगी सापडणं कठीणच! शाळेची सहल, सुट्टीत आलेली मामाची मुलं, गावाकडचे पाहुणे, कोणी ना कोणी आपल्याला मेहमूद दरवाजाजवळच्या त्या हौदाकाठी घेऊन जातंच. हौदातले मासे बघायचे, भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर घ्यायचे, वडाच्या सावलीत डबा खायचा आणि घरी यायचं.

पण त्या पाण्याकडे पुन्हा एकदा नीट बघा. ते पाणी तिथलं नाही. हर्सूलच्या बाजूने, काही मैलांवरून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून ते येतं. उंच खांबात चढतं, खाली पडतं आणि त्या जोरावर जुन्या काळी चाक फिरायचं, चाकावर दगडी जातं फिरायचं. त्या पिठाच्या भाकऱ्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांना आणि यात्रेकरूंना मिळायच्या. आता एक प्रश्न. समजा, जात्यात पायलीभर ज्वारी ओतली, पण वाटेतल्या नळात गाळ साचला आणि पाणीच आलं नाही, तर?

ज्वारी तशीच पडून राहील. धान्य आहे, जातं आहे, भुकेली माणसंही आहेत, पण पीठ नाही!

अगदी अशीच एक पाणचक्की तुमच्या-माझ्या पोटात आहे. तिचं नाव स्वादुपिंड. डॉक्टरांच्या भाषेत पॅनक्रियाज. आज आपण तिचीच गोष्ट करणार आहोत. गोष्टीत थोडं ‘शी’बद्दलही बोलावं लागेल. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण ज्याला हा त्रास होतो त्याला मुळीच हसू येत नाही.

बाकावरचा दोस्त

समजा, तुमच्याच वर्गात, तुमच्याच बाकावर एक मुलगा बसतो. डबा तुमच्याइतकाच खातो. कधी कधी जास्तच खातो. तरी हात काड्यांसारखे, गाल बसलेले. कवायतीच्या तासाला लवकर दमतो. मधूनच पोट धरून वाकतो. तिसऱ्या तासाला हात वर करून बाहेर जायची परवानगी मागतो. मागचे दोघं-तिघं खुसुखुसू हसतात. एक दिवस कोणीतरी त्याला वाईट नाव ठेवतं आणि ते नाव वर्गभर होतं.

मग तो काय करतो माहीत आहे? तो डबा खायचंच सोडून देतो. खाल्लं नाही म्हणजे जायला नको! संध्याकाळी घरी भरलेला डबा परत जातो. आई रागावते. आजी म्हणते, “लेकराला दृष्ट लागली गं बाई, मीठ-मोहऱ्या उतरून टाक.” शेजारच्या मावशी म्हणतात, “बेंबी सरकली असेल, तेल लावून चोळा.” काका म्हणतात, “खायचा कंटाळा, दुसरं काय!”

सगळ्यांना त्याची काळजी आहे. पण एक गोष्ट कोणालाच ठाऊक नाही, कारण ती त्याने लाजेमुळे सांगितलेली नाही. त्याची शौच फिकट रंगाची होते, खूप होते, तिला फार घाण वास येतो, ती तेलकट असते, पाण्यावर तरंगते आणि दोन-तीन बादल्या पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहते. हीच गोष्ट डॉक्टरांना सगळ्यात आधी कळायला हवी होती!

एवढीशी ग्रंथी, केवढं काम

स्वादुपिंड असतं कुठे? जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं. मोठ्या माणसात त्याची लांबी साधारण १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीहून थोडी जास्त. वजन जेमतेम १०० ग्रॅम. पण मोठ्या माणसाचं स्वादुपिंड दिवसाला सुमारे एक ते दीड लिटर रस तयार करतं! हा रस एका बारीक नळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात येतो.

ही नळी सापडली त्याची हकीगत मजेदार आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये आपलं शहर वसवलं तेव्हा त्याचं नाव खडकी होतं. त्याने इथे जमिनीखालून नहर आणली. त्या नहरीचं पाणी शहरात खेळत असताना, तिकडे इटलीतल्या पादुआ गावी १६४२ मध्ये योहान गेऑर्ग विरसुंग नावाचा एक जर्मन वैद्य मृतदेहाची चिरफाड करून शरीर शिकत होता. त्याला स्वादुपिंडाच्या आत लांबलचक नळी दिसली. ही रोहिणी म्हणावी की नीला? पण आत रक्त तर नाही! मग ही आहे तरी कशाची? त्याने नळीचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, त्याचे छाप काढले आणि मोठमोठ्या जाणकारांना पाठवून विचारलं. बिचाऱ्याला उत्तर मिळायच्या आतच, १६४३ मध्ये त्याचा खून झाला. पण त्या नळीला आजही विरसुंगची नळी म्हणतात.

नळीतून येणारा रस करतो काय, हे कळायला आणखी दोनशे वर्षं लागली. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार नावाचा शास्त्रज्ञ होता. १८४० च्या दशकात तो सशांची आतडी तपासत होता. सशाच्या शरीरात पित्ताची नळी आतड्याला वरच्या बाजूला मिळते आणि स्वादुपिंडाची बरीच खाली. स्निग्ध अन्न खाल्लेल्या सशाचं पोट उघडल्यावर त्याला दिसलं, की आतड्याजवळच्या बारीक वाहिन्या स्वादुपिंडाची नळी मिळते तिथून पुढेच दुधासारख्या पांढऱ्या झाल्या आहेत. पांढऱ्या कशाने? पचून शोषल्या गेलेल्या चरबीने! म्हणजे नुसत्या पित्ताने भागत नाही. तेल-तूप पचवायला स्वादुरस लागतोच.

रसातले तीन कारागीर

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘विकर’ हा शब्द आला असेल. इंग्रजीतून आलेला शब्द एन्झाइम. विकर म्हणजे अन्नाचे मोठे तुकडे कापून बारीक करणारा कारागीर. मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्च्या पपईचा गर लावतात, ते पाहिलंय? पपईतलं विकर मांस मऊ करतं. तसंच काम आपल्या पोटात चालतं.

स्वादुरसात असे तीन मुख्य कारागीर असतात. भाकरी-भातातला पिष्टमय भाग फोडतो तो अमायलेज. डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिनं तोडतो तो ट्रिप्सिन आणि त्याचे भाऊबंद. तेल, तूप, शेंगदाणे यांतली चरबी फोडतो तो लायपेज. शिवाय जठरातून आलेलं आंबट अन्न सौम्य करणारा क्षारही या रसात असतो, नाहीतर आम्लामुळे हे कारागीर कामच करू शकले नसते.

हे करून पाहा

भाकरीचा घास गिळू नका. दोन मिनिटं चावत राहा. हळूहळू तो गोड लागू लागेल. तुमच्या लाळेतही अमायलेज असतं, त्याने पिष्टाची साखर व्हायला सुरुवात केली! आता वाटीत पाणी घेऊन त्यात चमचाभर तेल टाका. तेल वर तरंगेल. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून ढवळा. तेलाचे बारीक बारीक थेंब होतील. पित्त हेच काम करतं. पण थेंब बारीक झाले म्हणजे तेल पचलं असं नाही. ते थेंब कापायला लायपेजच लागतो. लाळेसारखी मदत पिष्टाला मिळते, तशी चरबीला फारशी मिळत नाही. म्हणूनच स्वादुपिंड आजारी पडलं की सगळ्यात आधी लंगडते ती चरबीची पचनक्रिया.

तेल पचलं नाही तर जाणार कुठे? शौचावाटे बाहेर! आपल्या दोस्ताची शौच तेलकट का होती, ते आता कळलं ना? एक ग्रॅम पिष्टातून साधारण ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून ९. म्हणजे तो खात होता त्यातला सगळ्यात दमदार भाग वाया जात होता. शिवाय अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं चरबीच्या पाठीवर बसूनच शरीरात शिरतात. चरबीच गेली की ती पण जातात. मग रात्री कमी दिसणं, हाडं दुबळी होणं, लागल्यावर रक्त लवकर न थांबणं अशा तक्रारी सुरू होऊ शकतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वादुपिंड मोठं सोशिक असतं. त्याची लायपेज बनवायची ताकद दहा भागांतले नऊ भाग संपेपर्यंत शौचात तेल दिसत नाही. म्हणजे तेलकट शौच ही सुरुवातीची नव्हे, बऱ्याच उशिराची खूण आहे. ती दिसल्यावर “बघू पुढच्या महिन्यात” म्हणायला वेळच उरलेला नसतो.

पण हे होतं कशामुळे?

ट्रिप्सिन हा कारागीर फार धारदार. म्हणून स्वादुपिंड त्याला म्यानात घालून पाठवतं. आतड्यात पोचल्यावरच तलवार म्यानाबाहेर येते. काही वेळा मात्र ती स्वादुपिंडातच बाहेर येते आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं! या सुजेला पॅनक्रियाटायटिस म्हणतात. पोटाच्या वरच्या भागात जोराचं दुखतं, ती कळ पाठीत जाते, उलट्या होतात. ही सूज पुन्हा पुन्हा आली की स्वादुपिंड निबर होतं, नळीत खडे होतात आणि रस अडतो. पाणचक्कीच्या नळात गाळ साचावा तसं.

मोठ्या माणसांत दारू हे याचं एक मोठं कारण असतं. म्हणून ‘स्वादुपिंडाचा आजार’ म्हटलं की लोक नाकं मुरडतात. पण शाळेतल्या मुलाने कुठली दारू प्यायली? आपल्या देशात मुलांना आणि तरुणांना होणारा एक वेगळाच प्रकार आहे. इंडोनेशियात झुइडेमा यांनी १९५९ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं. पुढे केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी असे शेकडो रुग्ण तपासले. लहानपणी पोटदुखी, स्वादुपिंडात खडे आणि वाढत्या वयात मधुमेह, असं त्याचं रूप. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला.

केरळात टॅपिओकाचा कंद फार खातात, तेव्हा दोष त्या कंदाचा असेल असं बरीच वर्षं वाटत होतं. आपला साबुदाणा त्याच कंदाचा! पण जिथे तो कंद कोणी खात नाही तिथेही हा आजार सापडला आणि ती शंका मागे पडली. तेव्हा आजीच्या एकादशीच्या खिचडीवर उगाच आळ घेऊ नका. पुढे २००२ मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की यातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये ‘स्पिंक-१’ नावाच्या जनुकात बदल असतो. ट्रिप्सिनची तलवार चुकून बाहेर आलीच तर तिला पकडून ठेवणारं कुलूप हे जनुक बनवतं. कुलूपच कच्चं असलं तर काय होणार? मात्र बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही.

याशिवाय सिस्टिक फायब्रोसिस नावाचा जन्मजात आजार आहे. त्यात रस घट्ट होऊन नळ्या बुजतात आणि छातीतही कफ साचून सारखा खोकला येतो. पोटाला जोराचा मार बसणं, पित्ताचे खडे, काही औषधं, ही सुद्धा कारणं असू शकतात. यांतल्या कशातही मुलाचा दोष नाही. दृष्टीचा नाही आणि सरकलेल्या बेंबीचाही नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर

आपल्या शहरात १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो. मोठ्या सरकारी रुग्णालयातला बालरोग विभाग असो की आपल्या गल्लीतले नेहमीचे डॉक्टर, जायचं हे महत्त्वाचं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हाही सांगता येतं. २०१३ पासून हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सुरू आहे.

डॉक्टर आधी वजन-उंची बघतील आणि बरेच प्रश्न विचारतील. दुखतं कुठे? जेवणानंतर वाढतं का? शौच दिवसातून किती वेळा? रंग कसा? तेलाचा तवंग दिसतो का? इथे मान खाली घालून “नॉर्मल” म्हणायचं नाही! डॉक्टरांना रोज हेच ऐकायची सवय असते. जे असेल ते सांगायचं.

मग पोटाची सोनोग्राफी, रक्ताच्या चाचण्या, गरज पडली तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय. आणखी एक सोपी चाचणी असते ती शौचातल्या इलॅस्टेजची. सुई नाही, दुखणं नाही. छोट्या डबीत थोडासा नमुना द्यायचा. त्यातून स्वादुपिंड किती रस बनवतंय याचा अंदाज येतो. जंत, आतड्याचा क्षयरोग, गव्हातल्या ग्लुटेनची बाधा यांनीही वजन घटतं आणि पोट बिघडतं. म्हणून घरच्या घरी निदान करायचं नाही आणि दुसऱ्याच्या गोळ्याही घ्यायच्या नाहीत.

बाहेरून आणलेला रस

आणि आता खूशखबर! रस कमी पडत असेल तर तो बाहेरून देता येतो. विकरांच्या कॅप्सूल मिळतात. त्यांच्या आत बारीक बारीक दाणे असतात. जठरातल्या आम्लाने विकरं मरू नयेत म्हणून प्रत्येक दाण्याला आवरण असतं. ते आतड्यात गेल्यावर विरघळतं.

पण या कॅप्सूल कधी घ्यायच्या? लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी १९०२ मध्ये शोधून काढलं, की आतड्यात अन्न आलं की आतडं रक्तातून एक निरोप धाडतं आणि निरोप मिळताच स्वादुपिंड रस सोडतं. म्हणजे अन्न आणि रस यांची गाठ एकाच वेळी पडायला हवी. जेवणाच्या तासभर आधी किंवा ताट धुऊन झाल्यावर कॅप्सूल घेतली तर काय उपयोग? ज्वारी एकीकडे आणि पाणी दुसरीकडे!

म्हणून हे नियम पाठच करा:

पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल घ्यायची. एकाहून जास्त असतील तर काही सुरुवातीला, काही जेवणाच्या मध्यावर, डॉक्टर सांगतील तशा.

दाणे चावायचे किंवा कुटायचे नाहीत. आवरण फुटलं की औषध वाया जातं आणि तोंडही सोलवटतं. साध्या पाण्याबरोबर गिळायची. गरम चहा किंवा वाफाळत्या आमटीत दाणे कधीच टाकायचे नाहीत. ज्यांना गिळता येत नाही त्यांनी कॅप्सूल उघडून कशात घालायची ते डॉक्टरांना विचारायचं.

फक्त जेवणाबरोबरच नव्हे, समोसा, धपाटे, शेंगदाण्याचा लाडू, दूध यांच्याबरोबरही लागते. नुसतं कलिंगड किंवा लिंबूसरबत असेल तर बहुधा लागत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा कॅप्सूलची बाटली खिडकीत, गाडीत किंवा गरम डब्याला चिकटून ठेवायची नाही. उष्णतेने विकरं निकामी होतात.

किती घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतात. वजन वाढतंय का, शौच सुधारली का, हे पाहून ते प्रमाण बदलतात. आपल्या मनाने वाढवायच्या नाहीत आणि बरं वाटलं म्हणून बंदही करायच्या नाहीत.

नळीत खडे अडले असतील तर त्यांनाही उपाय आहे. दुर्बिणीतून नळी मोकळी करता येते. मोठे खडे शरीराबाहेरून लहरींचे धक्के देऊन फोडता येतात. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरोलॉजीत असे पुष्कळ रुग्ण बरे वाटून घरी गेले आहेत. काही वेळा शस्त्रक्रिया लागते.

स्वादुपिंडाचं दुसरं काम म्हणजे इन्सुलिन बनवणं. त्यातली पेशींची छोटी बेटं लांगरहान्सने १८६९ मध्ये पाहिली. कॅनडातल्या टोरांटोत १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळं काढलं गेलं आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा टोचलं गेलं ते १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला. तुमच्याच वयाचा मुलगा! स्वादुपिंडाच्या रुग्णाला पुढे मधुमेह होऊ शकतो. म्हणून फार तहान लागणं, वारंवार लघवी होणं अशी लक्षणं दिसली तर लगेच सांगायचं आणि अधूनमधून रक्तातली साखर तपासायची.

आई-बाबा, हा भाग तुमच्यासाठी

मुलाला तेल पचत नाही म्हटल्यावर घराघरांत पहिलं काय होतं? तेल-तूप बंद! वरण बिनफोडणीचं, भाकरी कोरडी, शेंगदाण्याची चटणी बाजूला. हेतू चांगला असतो, पण वाढत्या मुलाचं त्याने नुकसानच होतं. आज डॉक्टर सहसा मुलाची चरबी तोडत नाहीत, ती पचेल इतकी विकरं देतात. पाणी नाही म्हणून चक्कीत धान्यच टाकायचं नाही, हा काही इलाज नव्हे. पाणी आणायचं! थोडं थोडं पाच-सहा वेळा खाऊ घाला. डाळ, दूध, अंडी जे घरात चालतं ते द्या. जीवनसत्त्वांची औषधं डॉक्टर देतील. जोराची पोटदुखी चालू असताना काय खायचं ते मात्र त्या वेळी डॉक्टरच सांगतील.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवू नये. या कॅप्सूलमधली विकरं बहुतेक वेळा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेली असतात. आपल्या शहरात शाकाहारी घरं आहेत, मुसलमान घरं आहेत. हे नंतर कळलं तर मन खट्टू होतं आणि मुलाचं औषध गुपचूप बंद पडतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. ज्यांच्या शब्दाला घरात मान आहे अशा धर्मातल्या जाणत्या माणसांनाही विचारा. जीव वाचवायला दुसरा उपाय नसेल तर औषधाला मोकळीक देणारी माणसं सगळ्याच धर्मांत आहेत.

पोटदुखीवर पोटाला चटके देणं, डागणं असे प्रकार कोणी सुचवले तर हात जोडून नाही म्हणा. पोटात असह्य कळ, थांबत नसलेल्या उलट्या, ताप, मूल मलूल होणं, यांतलं काही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी वजन वहीत लिहा. “मुळातच बारीक आहे” या वाक्याखाली पुष्कळ आजार झाकले जातात.

आणि तुम्ही काय कराल?

मुलांनो, आता पुन्हा आपल्या बाकावरच्या दोस्ताकडे येऊ. त्याला औषध डॉक्टर देतील, खायला आई देईल. पण त्याने मधल्या सुट्टीत डबा उघडावा की नाही, हे तुमच्या हातात आहे! वर्गात हसू होतं म्हणून तो उपाशी राहिला तर जगातली कुठलीच कॅप्सूल उपयोगाची नाही, कारण ती अन्नाबरोबरच काम करते.

तेव्हा त्याने मध्येच बाहेर जायला हात वर केला तर मागे वळून बघू नका. त्याने डब्यातून गोळी काढली तर “कसली रे?” म्हणून हिसकावू नका. मागूनही घेऊ नका, ते खाऊ नव्हे. त्याला ठेवलेलं वाईट नाव तुमच्यापुरतं तरी पुसून टाका. गुरुजी आणि बाईंनीही अशा मुलाला तासाच्या मध्ये जायची मुभा द्यावी. कारण विचारायचंच असेल तर वर्गासमोर न विचारता बाजूला घेऊन विचारावं.

आणि हा दोस्त तुम्ही स्वतःच असाल तर? तर आज रात्री जेवण झाल्यावर आईजवळ बसा. बोलायला जमत नसेल तर हेच पान उघडून ‘बाकावरचा दोस्त’ या मजकुरावर बोट ठेवा आणि म्हणा, “आई, मला असं होतं.” एवढं वाक्य पुरे आहे. पुढचं आई बघेल, डॉक्टर बघतील.

पुढच्या सहलीला पाणचक्कीवर गेलात की हौदाच्या काठावर क्षणभर थांबा. ते पाणी किती दुरून, किती अंधारातून, कोणाला न दिसता येतं, ते आठवा. तुमच्या पोटातला रसही तसाच मुकाट्याने येत असतो. येतोय तोवर त्याची आठवणही होत नाही. ज्याच्या पोटात तो येत नाही, त्या दोस्ताला मात्र त्या दिवशी हाक मारा आणि वडाखाली आपल्या शेजारी डबा खायला बसवा!